थेमेलिनाच्या नावाचं पत्र

चौथं अंडं फुटलं तेव्हा थेमेलिनाला कळलं की घरात काहीतरी शिजतंय, आणि ते भट्टीतलं कोकरू नव्हे.

ईस्टरच्या दिवशी अंगणातल्या लांब टेबलाभोवती बसायचं, लाल रंगवलेली अंडी मुठीत धरायची आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटायची. ज्याचं शाबूत राहील त्याचं वर्ष चांगलं. खेळ पोरकट खरा, पण या बेटावर तो कुणी पोरकटपणे खेळत नाही. थेमेलिनाचा नवरा स्केवोस, समुद्रातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना होणाऱ्या आजाराने दोन्ही पाय गेल्यावरसुद्धा, खुर्चीत बसून शेजाऱ्यांची अंडी अशी फोडायचा की भांडणं चर्चपर्यंत जायची. आणि मुलगा नोमिकोस तर सहाव्या वर्षी लाकडाचं अंडं रंगवून घेऊन आला होता. आता त्याची पन्नाशी उलटली, गिर्यारोहकांना खोल्या भाड्याने देतो, पण लबाडी तीच. मागच्या वर्षीही त्याने मुठीत अंडं असं झाकलं होतं की नुसतं टोक दिसावं.

आज त्याने अंडं आडवं धरलं. पोट पुढे करून. आईच्या अंड्याचं टोक जरा टेकताच ते फुटलं.

"गेलं!" तो म्हणाला. "आई, तुझं नशीब जोरात आहे."

त्याआधी मुलगी सेवास्तीचं गेलं होतं, सून पोथितीचं गेलं होतं, नातीचं गेलं होतं. चौघं हरले आणि एकानेही तक्रार केली नाही.

थेमेलिनाने आपलं अंडं हातात फिरवून पाहिलं. एकच डोळा उरला होता तिला. डावा डॉक्टरांनी अथेन्सच्या इस्पितळात जानेवारीत काढला, गाठीसकट. त्या जागी काचेचा बसवला होता, रंगाने अगदी जुळता. उरलेल्या उजव्याने तिने टेबलाभोवती एक फेरी मारली. दोन डोळे होते तेव्हा ती माणसांकडे नुसती बघायची. आता एक झाल्यापासून निरखत होती.

"पोथिती, भात कसा झालाय?"

कोकराच्या पोटात भरलेला तो भात थेमेलिनाने शनिवारी स्वतः भरला होता. मातीच्या मडक्याचं तोंड कणकेने बंद करून, रात्रभर भट्टीत ठेवून.

"उत्तम झालाय, आई. तुमच्या हाताला चव आहे."

झालं. तीस वर्षांत या सुनेने तिच्या भाताला कधी उत्तम म्हटलं नव्हतं. मीठ कमी म्हणायची, दालचिनी जास्त म्हणायची, 'आमच्याकडे कलेजी बारीक चिरतात' असं म्हणायची. पंचवीस वर्षांपूर्वी एका ईस्टरला त्या कलेजीवरून दोघी तीन महिने बोलल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर थेमेलिनाला ते तीन महिने बरे वाटले होते. भांडायला समोर कुणीतरी तोलामोलाचं आहे, एवढा भरवसा त्यात होता.

पलीकडच्या डोंगरावर ईस्टरच्या सुरुंगाचा पहिला बार झाला, मग बंदराच्या अलीकडच्या बाजूने त्याला उत्तर गेलं. टेबलावरचे पेले थरथरले. सेवास्तीने झटकन आईच्या खांद्यावर हात ठेवला, जणू म्हातारी घाबरेल.

"हात काढ, सेवास्ती."

"अगं, आवाज मोठा झाला म्हणून..."

"शहात्तर ईस्टर ऐकलेत मी हे बार. आज कशाने घाबरेन?"

सेवास्तीने हात काढला. कुणी हसलं नाही. तेही नवीनच.

थेमेलिनाने काटा खाली ठेवला. नात समोरच्या बाजूला, टोकाशी बसली होती. तिचंही नाव थेमेलिना. इथली रीतच ती: पहिली मुलगी आईच्या आईचं नाव लावते, दुसरी बापाच्या आईचं. ही नोमिकोसची दुसरी. नाव आजीचं, आणि बापाकडून आडनावही तेच, हाल्किती. लहान होती तेव्हा 'थेमेलिना' अशी हाक मारली की दोघी एकदम ओ द्यायच्या आणि स्केवोस खुर्चीतून म्हणायचा, "मला जी लवकर येईल ती हवी." म्हणून घरात हिला धाकटी म्हणत. चोवीस वर्षांची झाली तरी धाकटीच.

धाकटीने गुरुवारपासून आजीच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

"धाकटे, तुझ्या नोकरीचं पत्र आलं का गं अथेन्सहून? शाळेचं?"

पोरीच्या हातातला पाव तसाच राहिला. "नाही, आजी. अजून नाही."

"गुरुवारी पोस्टात गेली होतीस ना?"

"गेले होते."

"मग?"

"तिचं नाही आलं अजून," नोमिकोस मध्येच बोलला. फार पटकन बोलला. "सुट्ट्या आहेत, आई. कोण पत्रं पाठवतंय?"

"मी तिला विचारलं. तुझं नाव थेमेलिना आहे का?"

तिने हे सहज म्हटलं होतं, टोमणा म्हणून. पण ते ऐकताच धाकटीचा चेहरा असा उतरला, की म्हातारीला एका क्षणात सगळं उमगलं. नाव. पोस्ट. अथेन्स.

फेब्रुवारीपासून ती एका पत्राची वाट बघत होती. इस्पितळातल्या त्या तरुण डॉक्टरणीने तिला समोर बसवून नीट समजावलं होतं. 'आजी, काढलेली गाठ आम्ही तपासणीला पाठवू शकतो. तिच्या पेशींची जडणघडण बघितली की कळतं, आजार पुढे यकृतात जाईल की बहुधा इथेच संपला. पण एक सांगते, उत्तर काहीही आलं तरी आज आमच्याकडे त्यासाठी वेगळं औषध नाही. कळेल, एवढंच. काही लोकांना कळायला हवं असतं, काहींना नको असतं. दोन्ही बरोबर.'

शेजारच्या खाटेवर लारिसा गावचा एक बसचालक होता, तोच आजार, तोच डोळा. तो म्हणाला होता, 'मला नको, बाई. पुढच्या वळणावर काय उभं आहे ते आधीच कळलं तर माझ्या हातून गाडी चालायची नाही.' थेमेलिनाला तो आवडला होता. त्याच्या बोलण्यात भीती नव्हती. स्वतःला ओळखून असलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. पण ती स्वतःलाही ओळखून होती. तिने सही केली.

बाहेरच्या व्हरांड्यात नोमिकोस डॉक्टरणीच्या मागे लागलेला तिने ऐकला होता: 'आम्हाला कळवा, तिला नको. आमच्याकडे असंच करतात.' आणि त्या मुलीने, देव तिचं भलं करो, उत्तर दिलं होतं, 'तुमच्याकडे काय करतात ते मला माहीत आहे, मी क्रीटची आहे. पत्र जिच्या नावाचं तिलाच जाईल.'

जिच्या नावाचं. त्या हुशार पोरीला काय ठाऊक, की या बेटावर एका नावावर एक माणूस कधीच नसतं.

"धाकटे," थेमेलिना म्हणाली, "इकडे बघ."

"आजी..."

"पत्र तू घेतलंस."

पोर रडायलाच लागली. "आजी, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं! मी खिडकीशी ओळखपत्र दाखवलं, त्याने नाव वाचलं, पाकीट दिलं. वर फक्त अथेन्सचा शिक्का होता, इस्पितळाचं नावगाव काही नव्हतं. मला वाटलं शाळेचं. माझंच नाव होतं ना! मी तिथेच फाडलं, रस्त्यात उभी राहून. दोन ओळी वाचल्यावर कळलं की हे माझं नाही, पण तोवर..."

"तोवर वाचून झालं होतं."

"हो."

"मग बाबाला दिलंस."

"काय करू कळेना मला."

"नोमिकोस," म्हातारी मुलाकडे वळली नाही, "तू वाचलंस. सेवास्तीला सांगितलंस. पोथितीला सांगितलंस. चौघांनी मिळून मला अंड्यांत जिंकवलंत. बरोबर?"

नोमिकोसने उजव्या हाताने कोटाच्या आतल्या खिशावर थोपटलं. त्याचं त्यालाही कळलं नसावं. पत्र तिथे होतं.

"आई, ऐक माझं," तो म्हणाला. आवाज बापासारखा झाला होता, खालचा आणि हट्टी. "डॉक्टरणीने तुझ्यासमोर सांगितलं ना, कळून औषध बदलत नाही म्हणून? मग कशाला? आज सण आहे. ऊन पडलंय. तू जेवतेस, चालतेस, देवळाच्या पायऱ्या चढतेस. कागदावरचा एक आकडा डोक्यात घेऊन रोज सकाळी उठायचंय तुला? तेरड्याचा रंग तीन दिवस, असं समजून मन मारत बसायचंय? मी मुलगा आहे तुझा. मी उचलीन तो आकडा. तू राहू दे."

"म्हणजे वाईट आलंय."

"मी तसं म्हटलं नाही!"

"चांगलं असतं तर गुरुवारी दुपारीच घंटा वाजवली असतीस."

सेवास्तीने डोळे पुसले. "दादाचं चुकत नाही, आई. शेवटी बाबांनाही आपण काही सांगितलं नव्हतं. शांतपणे गेले ना?"

"तुझ्या बाबाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

पुन्हा बार झाले, एकामागोमाग तीन. कुणी कुणाकडे बघेना. थेमेलिनाने पाण्याचा घोट घेतला आणि बोलू लागली. हळू, पण पोरांना माहीत होतं की हा आवाज मध्ये तोडायचा नसतो.

"माझ्या आईची गोष्ट मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितली नाही. तुमचे पणजोबा, म्हणजे तुझे, धाकटे, तुझ्या बाबाचे आजोबा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्पंज काढायला गेले होते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. तिथेच गेले हेही ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते. बोटी यायच्या आधी बायका घरं रंगवायच्या. समुद्रावरून पहिलं दिसावं ते आपलं घर, म्हणून. आईने चुना कालवला. पुढची भिंत, मग पायऱ्या, मग हौद. आधी पोचलेल्या एका बोटीने बातमी आणली होती, आणि सबंध गल्लीला ती कळली होती. पाववाल्याला कळली, पाद्रीबुवांना कळली. मला शाळेत कळली, एका मुलीने कानात सांगितलं. 'घरी बोलू नकोस हं,' म्हणाली. मी नाही बोलले. दोन दिवस, पोरांनो. दोन दिवस माझी आई शिडीवर चढून चुना लावत होती, गाणं म्हणत होती, आणि शेजारणी दारात उभं राहून बघत होत्या. दया करत होत्या म्हणे. कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता."

धाकटी रडायची थांबली होती.

"नवरा गेला याचं दुःख ती पचवून बसली. सगळ्याच बायका पचवत होत्या. पण ते दोन दिवस तिने कधी माफ केले नाहीत. मरेपर्यंत म्हणायची, 'मी शिडीवर होते आणि सगळ्यांना माहीत होतं.' मला म्हणायची, 'तुलासुद्धा.' सात वर्षांच्या मुलीला." थेमेलिनाने टेबलावर हात टेकला. "आणि आज तुम्ही मला शिडीवर चढवलंत. माझ्याच अंगणात. हसत हसत."

नोमिकोसचा हात अजून खिशावर होता.

बोलली ती पोथिती. इतका वेळ ती मान खाली घालून पावाचे तुकडे गोळा करत होती.

"पत्र द्या त्यांना."

"पोथिती, तू मध्ये पडू नकोस," सेवास्ती म्हणाली. "आमची आई आहे."

"तुमची आई असेल, सासू माझी आहे," पोथिती म्हणाली. "तीस वर्षं या बाईशी भांडत्ये मी. रोज. त्यांच्या पाठीमागे कधी काही केलं नाही, जे बोलले ते तोंडावर. पहिल्यांदाच आज खोटं बोलले, भाताबद्दल, आणि माझा घास गिळवत नाहीये. नोमिकोस, द्या ते पत्र. त्यांच्या नावाचं आहे."

"भाताबद्दल खोटं?" थेमेलिनाने विचारलं.

"मीठ कमी आहे, आई. दरवर्षीसारखं."

म्हातारीचं तोंड थोडं हललं. हसणंच होतं ते. छातीवरचा एक दगड या बाईने उतरवून बाजूला ठेवला होता, आणि तोही मीठ कमी म्हणून सांगून.

नोमिकोसने पाकीट काढलं. फाडलेली कड त्याने चिकटपट्टीने नीट चिकटवली होती. त्या चिकटपट्टीकडे बघून थेमेलिनाचा राग अर्धा गळाला. लहानपणी तुटलेली बशीसुद्धा तो अशीच डिंकाने जोडून कपाटात ठेवायचा.

"वाचायला चष्मा लागेल," ती म्हणाली. "धाकटे, तू वाच."

"मी? आजी, मला नाही जमणार."

"एकदा वाचलंस ना, रस्त्यात? आता बसून वाच. पहिल्यापासून. नावही वाच."

धाकटीने कागद उलगडला.

"श्रीमती थेमेलिना हाल्किती यांस. आपल्या विनंतीवरून केलेल्या तपासणीचा निष्कर्ष खालीलप्रमाणे. गाठीच्या पेशींमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या जोडीतलं एक आढळलं नाही..."

"थांब. म्हणजे काय?"

"म्हणजे, आजी, ती दोन-दोन असतात. त्यातलं एक हरवलंय. गाठीत, तुझ्या अंगात नाही."

"दोनातलं एक. बरं. डोळ्याची गाठ डोळ्याच्या वाटेनेच गेली म्हणायची. पुढे?"

"त्यामुळे हा आजार शरीरात इतरत्र, बहुतेक करून यकृतात, पसरण्याचा धोका जास्त असलेल्या गटात मोडतो. अशा रुग्णांत पाच वर्षांच्या आत तसं होण्याचं प्रमाण..." पोरीचा आवाज फाटला. आजीने टेबलावरून हात पुढे केला, पण घाई केली नाही. "...शंभरात साधारण सत्तर."

"सत्तर."

"हो. मग लिहिलंय, दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करावी, आणि काही विचारायचं असेल तर फोन करा. खाली डॉक्टरांची सही. आणि पेनाने लिहिलंय, 'तुम्ही विचारण्याचं धाडस केलंत, म्हणून उत्तर हाती येताच पाठवते आहे.'"

आता बार थांबले होते. डोंगरावरचे लोक जेवायला बसले असावेत. खाली बंदरातून कुठूनतरी व्हायोलिन ऐकू येत होतं, कुणीतरी नुसतंच सुरात लावत होतं.

पोरांना वाटलं, आई आता कोसळेल. सेवास्तीने तर खुर्ची मागे सरकवलीसुद्धा, धावायला. पण म्हातारी आत कुठेतरी तो आकडा ठेवून बघत होती, इकडे बसतो का, तिकडे बसतो का, नवं कपाट घरात आलं की बघतात तसं. जड होता. दाराची वाट थोडी अडत होती. पण मावला.

"बस, सेवास्ती. मी कुठे जात नाहीये. निदान जेवण होईपर्यंत तरी."

"आई!"

"नोमिकोस, तूच सांगितलंस, ऊन पडलंय, सण आहे. आता रडू नकोस, मिशीला भात लागलाय तुझ्या."

नोमिकोसने मिशी पुसली आणि मग डोळे, एकाच रुमालाने. "काय मिळालं आई तुला कळून? सांग ना. खरंच विचारतोय."

तिने विचार केला. या प्रश्नाचं उत्तर टोलवायचं नव्हतं.

"ऑक्टोबरात तू मला अथेन्सला तपासणीला नेशील. बहाणा न करता. 'चल आई, दुकानं बघू' असं म्हणणार नाहीस. पोथिती माझ्याशी भांडेल. आणि धाकटी मला जे होतंय ते विचारेल, मी सांगेन. एवढं मिळालं. अजून काय हवं? तो लारिसाचा गडी न विचारता जगतोय, तोही बरा. मी विचारून जगेन. बाहेर कुणाला माहीत आहे का?"

"नाही," तिघं एकदम म्हणाले.

"पोथिती?"

"नाही, आई. जीभ चावून बसले होते."

"मग अजून वेळ आहे."

पायऱ्यांवर चपला वाजल्या. समोरच्या गल्लीतली एवदोकिया, हातात चीजच्या पुऱ्यांचं ताट, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला. चांगली बाई, पण सकाळी तिच्या कानात शिरलेलं दुपारी बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. सेवास्ती झटकन उठली, कागद उचलून रुमालाखाली ढकलायला लागली.

"राहू दे तिथेच," आई म्हणाली.

"ख्रिस्त उठला!" एवदोकियाने पायऱ्यांवरूनच ईस्टरचा पुकारा केला.

"खरंच उठला! ये, एवदोकिया. बस. पोथिती, तिला भात वाढ, मीठ वरून घेईल. तुला एक सांगायचंय, आणि ते तू माझ्या तोंडून ऐकावंस."

एवदोकियाने टेबलावरचे रडवेले चेहरे पाहिले आणि ताट खाली ठेवलं.

"मला कॅन्सर आहे," थेमेलिना म्हणाली. "डोळ्यातला. डोळा काढला, पण तो पुढे यकृतात जायचा धोका मोठा आहे. तपासणी करून घेतली मी. हे पत्र."

या गल्लीत तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'ते वाईट' म्हणत, 'तो आजार' म्हणत, किंवा नुसता हात हलवत. एवदोकियाने क्रूसाची खूण केली, तीनदा अंगाभोवती थुंकल्यासारखं केलं.

"अगं बाई, थेमेलिना! त्याचं नाव नको गं घेऊस!"

"का नको? त्याने माझं घेतलं. पाकिटावर लिहून, शिक्का मारून पाठवलंय. मी का त्याचं घेऊ नये?"

एवदोकिया मटकन खुर्चीत बसली. तिचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याच्या मागे, थेमेलिनाला एका डोळ्याने स्पष्ट दिसलं, ती मनात आधीच पुढच्या दाराची कडी वाजवत होती.

"जा, सांग सगळ्यांना," थेमेलिना म्हणाली. "आधी जेव, मग जा. पण शंभरात सत्तर सांग. मी ओळखते तुला, देवळापर्यंत पोचेस्तोवर नव्वद करशील."